मंजुरीचा फोन

"नमस्कार, कार्ड विभाग. दुकानाचा क्रमांक सांगा."

तिने मान वाकडी करून रिसीव्हर खांद्यात धरला, क्रमांक सांगितला आणि समोरच्या गिऱ्हाइकाकडे बघून ओशाळं हसली. गिऱ्हाईक सूटबूटवालं होतं. त्याच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसांच्या तोंडावर मात्र एकच प्रश्न होता, की खिशात पैसे असताना माणूस असल्या उचापती करतोच कशाला.

"कार्डाचा नंबर? सावकाश सांगा. चार-चार आकडे."

तिने चार-चार आकडे सांगितले. पलीकडचा आवाज प्रत्येक वेळी ते परत म्हणून दाखवत होता. मग त्याने रक्कम विचारली. मग "थांबा हं" म्हणून तो गेला आणि फोनमधून नुसती कागदांची सळसळ येत राहिली.

"मंजूर आहे. मंजुरीचा क्रमांक लिहून घ्या."

तिने लिहून घेतला, वाचून दाखवला.

"बरोबर. धन्यवाद, मॅडम."

"धन्यवाद," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

या दोघांच्या लग्नाला दहा-बारा वर्षं झाली होती.

सुपरमार्केटने कार्डं घ्यायला सुरुवात केली तेव्हा शहरात कार्ड देणारी बँक एकच होती आणि त्या बँकेच्या कार्ड विभागात फोन घ्यायला माणसं दोनच. एक निवृत्तीला आलेले खोकणारे काका, दुसरा तिचा नवरा. काउंटरवर कार्ड आलं की ते एका लोखंडी यंत्रात ठेवायचं, त्यावर कार्बनची पावती ठेवायची आणि वरची मूठ खटकन पुढे, खटकन मागे सरकवायची. कार्डावरचे उठावाचे आकडे पावतीवर उमटत. कॅशियर मुली त्या यंत्राला 'इस्त्री' म्हणत. बिल ठरावीक रकमेच्या वर गेलं, की इस्त्रीवर भागत नसे. बँकेला फोन करून मंजुरी घ्यावी लागे.

पहिल्यांदा फोन लावला तेव्हा पलीकडच्या "नमस्कार"वरूनच तिने आवाज ओळखला. त्यानेही तिचा आवाज ओळखलाच असणार, कारण "दुकानाचा क्रमांक" म्हणायच्या आधी तो क्षणभर थांबला होता. पण समोर गिऱ्हाईक उभं, तिकडे शेजारी काका बसलेले. दोघांनी ठरलेले प्रश्न विचारले, ठरलेली उत्तरं दिली. त्या दिवशी संध्याकाळी घरी दोघांनीही त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. घरी ते कशाबद्दलच बोलत नसत.

अगदीच मुके होते असं नाही. "गॅस संपत आलाय." "किल्ली खुंटीला आहे." "मोरीतला नळ गळतोय." अशी वाक्यं होत. त्यांत ना तू, ना मी. भिंतीला सांगितली काय आणि माणसाला सांगितली काय, सारखीच. जेवताना रेडिओ मोठ्याने लावलेला असे. बातम्या कुणीच ऐकत नसे, पण त्यामुळे आपण गप्प आहोत हे झाकलं जाई.

दोन वर्षांपूर्वी त्यांची ठकी गेली. खरं नाव दुसरंच होतं, पण घरात ती ठकीच. तिसरीत होती, समोरचे दोन दात नुकते पडले होते आणि ती ते लपवायला तोंडावर हात ठेवून हसायची. एका रविवारी संध्याकाळी तिला ताप भरला. "आज सगळे दवाखाने बंद. उद्या सकाळीच नेऊ," तो म्हणाला. ती "बरं" म्हणाली आणि कपाळावर ओली घडी ठेवत बसली. सकाळी नेली तोवर उशीर झाला होता. दुपारी, इस्पितळाच्या व्हरांड्यात, त्याच्या दोन्ही भावांसमोर आणि भावजयांसमोर ती त्याला म्हणाली, "तुम्ही कालच नेलं असतं तर माझी पोर जगली असती."

त्याने मान खाली घातली. तो भांडला असता, उलट बोलला असता, "तूही 'बरं' म्हणालीस की" असं नुसतं म्हणाला असता, तरी कदाचित दोघं वाचली असती. पण तो काहीच बोलला नाही. आणि जे वाक्य तिने दुःखाच्या भरात फेकलं होतं, ते त्याने उचलून जवळ ठेवून दिलं.

ते परत घ्यावं असं तिला कितीदा तरी वाटलं. पण घरात तोंड उघडलं की ती म्हणे, "दूध उतू जाईल, लक्ष असू दे."

फोनवर मात्र बोलावंच लागे. तोही नोकरीचा भाग. आणि फोनवरचा तो माणूस वेगळाच होता. तो तिला अहोजाहो करी. तिचे आकडे चुकले तर "होतं असं, घाई नाही," म्हणे. एके दिवशी मंजुरीचा क्रमांक देऊन झाल्यावर त्याने फोन ठेवला नाही. म्हणाला, "खोकला झालाय वाटतं."

"थोडासा."

"काळजी घ्या."

त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर खोकल्याच्या औषधाची बाटली होती. कुणी आणली, केव्हा आणली, काही उल्लेख नाही. दोघं रेडिओ ऐकत जेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी कार्डावर मिक्सर घेतला आणि तिला फोन करायला मिळाला.

"औषध मिळालं," आकडे सांगून झाल्यावर ती हळूच म्हणाली. "बरं वाटतंय."

"छान. मंजूर आहे."

शेजारच्या काउंटरवरची मुलगी, जिला सगळे बडबडी म्हणत आणि उगाच म्हणत नसत, तिने मान पुढे काढून विचारलं, "काय गं, बँकवाला काही जोक सांगतो की काय? तू हसलीस!"

"कोण हसलं? गप, गिऱ्हाईक बघ तुझं."

पण ती हसली होती. आणि त्या दिवसापासून ती बिघडली. एरवी इतकी सरळ बाई, पण कार्डवालं गिऱ्हाईक रांगेत दिसलं की त्याच्या ट्रॉलीत डोकावून बिल वर जातंय का हे अंदाजू लागली. कमीच भरणार असं दिसलं की म्हणायची, "तेल नको का? ऑफर आहे." तेही जमलं नाही तर एक पळवाट होती. कार्डाच्या मागची सही आणि पावतीवरची सही जुळत नाही अशी शंका आली, तर बिल कितीही असो, बँकेला विचारायचं असा नियम होता. मग तिला शंका येऊ लागल्या. एका डॉक्टरांच्या सहीची शंका आली. "अहो, माझी सही मलाच दोनदा सारखी जमत नाही!" ते हसले. डॉक्टर हसले, पण एक निवृत्त हेडमास्तर होते, हात थरथरायचे, ते हसले नाहीत. रांगेत त्यांचे जुने विद्यार्थी उभे होते. कानापर्यंत लाल होऊन ते ट्रॉलीला धरून उभे राहिले आणि ती त्यांच्या साबण-पावडरीसाठी बँकेला फोन लावत राहिली. तिला त्यांच्याकडे बघवेना. तरी तिने नंबर फिरवलाच.

"जेवण झालं का?" त्याने त्या दिवशी विचारलं.

"अजून नाही. तुमचं?"

"आता बसेन."

एवढ्यासाठी तिने एका म्हाताऱ्या माणसाला भर रांगेत चोर ठरवलं होतं. हेडमास्तर पुन्हा त्या दुकानात आले नाहीत.

मग एके दिवशी तिच्या काउंटरपाशी एक पोरगी रडायला लागली. चॉकलेटच्या बरणीकडे बोट दाखवून, हातपाय आपटून. आई कार्ड देऊन मख्ख उभी. फोन चालू होता. पलीकडची सळसळ थांबली.

"कोण रडतंय?"

"गिऱ्हाइकाची मुलगी."

"किती वर्षांची असेल?"

"असेल सात-आठ." ती पोरीकडे वळली. "फ्रॉकला खिसे आहेत. खिशात हात घालून रडतेय."

ठकीला खिशांचेच फ्रॉक लागत. खिसा नसला तर ती फ्रॉक अंगाला लावू देत नसे. मग त्याने मंजुरीचा क्रमांक सांगितला, पण आवाज असा झाला होता की तिला तो परत विचारावा लागला. तोही त्याने परत सांगितला, अगदी सावकाश, एकेक आकडा सुटा करून. फोन ठेवल्यावर तिला कळलं की ठकीबद्दल दोन वर्षांत आपण पहिल्यांदाच बोललो, आणि आता ते वाक्य परत घ्यायचं तर इथेच, या फोनवरच.

पण समोर गिऱ्हाईक असायचं. उद्या सांगू, असं रोज होत गेलं.

आणि मग ती काळी डबी आली. मॅनेजरने सगळ्यांना गोळा केलं. पाठीमागे त्याला सगळे घड्याळ म्हणत, कारण तो माणसांकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघायचा. डबीला एक फट होती, आकड्यांची बटणं होती, वर हिरवट अक्षरांची पट्टी. तिची तार थेट टेलिफोनच्या लाइनला जोडलेली.

"कार्ड या फटीतून असं ओढायचं. रक्कम दाबायची. ही स्वतःच बँकेला फोन लावते, स्वतःच विचारते, स्वतःच पावती छापते," घड्याळ आनंदाने म्हणाला. "आपण फक्त सही घ्यायची. सोमवारपासून फोन बंद, बोलणं बंद. तुमची तर सुटकाच झाली, बाई. दिवसभर आकडे ओरडून घसा बसायचा तुमचा."

"हो ना," ती म्हणाली.

शनिवारी दुपारी रांग ओसरली होती. एक शिक्षिका कार्डावर गादीची चादर घेत होती. बिल ठरावीक रकमेच्या वर होतं. तिने इस्त्री फिरवली, रिसीव्हर उचलला, नंबर फिरवला आणि काउंटरकडे पाठ केली. आता बोलायचं ते तिने सकाळपासून मनाशी इतक्यांदा म्हटलं होतं की आता थांबली असती तर राहिलंच असतं. पलीकडे फोन उचलल्याचा आवाज झाला मात्र, तिने "नमस्कार"सुद्धा होऊ दिलं नाही.

"ऐका. मधे बोलू नका. मी त्या दिवशी म्हटलं ते खोटं होतं. उद्या नेऊ असं तुम्ही म्हणालात तेव्हा मीही 'बरं'च म्हणाले होते. तुमची चूक नव्हती. सगळ्यांसमोर म्हटलं मी. नको होतं म्हणायला. ऐकताय ना?"

पलीकडे कुणीतरी खोकलं.

"बाई," काका म्हणाले. त्यांचा आवाज फार हळू झाला होता. "ते जागेवर नाहीत. साहेबांनी आत बोलावलंय. बदलीचं काहीतरी चाललंय."

मागे शिक्षिकेने चुळबुळ केली.

"निरोप सांगू का त्यांना?"

आता इथे ती "सांगा" म्हणाली असती तर. पण असला निरोप तिसऱ्याच्या तोंडून नवऱ्याला पोचवायचा, या कल्पनेने तिचा चेहरा तापला. व्हरांड्यात चारचौघांसमोर बोलून झालं होतं. आता परत घेणंही चारचौघांतून?

"नको," ती म्हणाली. "कृपा करून काही सांगू नका."

"बरं, नाही सांगत. दुकानाचा क्रमांक?"

काका शब्दाला जागणारे निघाले. जगात अशी माणसं नेमकी नको तिथे भेटतात.

रविवारी जेवताना त्याने रेडिओचा आवाज थोडा कमी केला. "इथला विभाग बंद होतोय. फोनच राहणार नाहीत. मुख्य कार्यालयात बोलावलंय."

"कधी?"

"पुढच्या आठवड्यात."

"लांब आहे," ती म्हणाली.

"हो."

ती वाट बघत राहिली, की आता तो "चलशील ना?" म्हणेल. तो ताटातला घास चिवडत राहिला, की आता ती "मी पण येऊ का?" म्हणेल. मग त्याने पुढे हात करून रेडिओचा आवाज पूर्ववत केला. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती मनातल्या मनात सामान बांधू लागली. कपाट मोठं आहे, ते इथेच विकावं. ठकीचे फ्रॉक मात्र न्यायचे. नव्या गावात, नव्या घरात एखादे वेळी बोलता येईल. तिथे आपल्याला कुणी ओळखत नसेल, व्हरांडा ठाऊक असलेलं कुणी नसेल. दुसऱ्या दिवशी तिने बडबडीला सांगूनसुद्धा टाकलं, की बहुतेक मी नोकरी सोडतेय.

बुधवारी संध्याकाळी रांग दाराच्या जवळ पोचली होती. ती मान खाली घालून वस्तू ओढत होती आणि किमती दाबत होती. डबी छान चालली होती. पुढच्या गिऱ्हाइकाची टोपली समोर आली. तिने त्यातलं ताट बाहेर काढलं. चिनी मातीचं, पांढरं, निळ्या काठाचं. एक वाटी काढली. एक पेला. एक चमचा. पातेलं, एका माणसाचा भात होईल एवढंच. एक टॉवेल. एक उशीचा अभ्रा.

तिने मान वर केली. समोर तिचा नवरा उभा होता.

शहरात दुकानं काय कमी होती? याच दुकानात पाच काउंटर होते आणि बाकीच्या चारांवर रांगा छोट्या होत्या. तो सगळ्यांत लांब रांगेत उभा राहून आला होता.

"ताट एकच घेतलंत," ती म्हणाली.

"एकालाच लागतं," तो म्हणाला. बोलून तो थांबला. तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

काहीतरी बोलायला हवं होतं. तिने वाटीची किंमत दाबली. मग पेल्याची. बेरीज झाली.

त्याने खिशात हात घातला आणि कार्ड काढलं. तो बँकेतल्या कार्ड विभागातला माणूस, पण जन्मात त्याने कधी कार्डाने काही घेतलं नव्हतं. मोजून नोटा द्यायचा, चिल्लर मागून घ्यायचा. आज रोख दिली असती तर सगळं दोन मिनिटांत आटपलं असतं. कार्ड दिलं की डबी फोन लावते आणि तोवर दोन माणसांना समोरासमोर उभं राहावं लागतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो तेवढा वेळ विकत घ्यायला आला होता. तिला ते लख्ख कळलं.

तिने कार्ड फटीतून ओढलं, रक्कम दाबली. पट्टीवर 'थांबा' अशी अक्षरं आली. आतून नंबर फिरवल्याची बारीक किरकिर येऊ लागली.

तो उभा होता. ती उभी होती. शनिवारी जे वाक्य काकांच्या कानांवर पडलं होतं, ते आता जिभेवर तयार होतं. तुमची चूक नव्हती. एवढंच तर म्हणायचं होतं. पण फोनवर त्याचा नुसता आवाज असे. इथे तो सगळाच्या सगळा समोर होता, कानाजवळ पिकलेले केस, इस्त्री न केलेली कॉलर, खाली गेलेले खांदे. त्याच्याकडे बघून तिला व्हरांड्यात खाली घातलेली ती मान आठवली.

"अहो, मशीन बिघडलंय का?" मागचा माणूस ओरडला.

"नाही," तिच्या नवऱ्याने वळून शांतपणे सांगितलं. "लाइन लागतेय. थोडा वेळ लागतो."

परत तो तिच्याकडे वळला.

"तिथे..." ती म्हणाली, आणि त्याने चटकन मान पुढे केली. "तिथे पाणी कसं आहे?"

"चांगलं आहे म्हणतात."

डबी 'टिंग' वाजली. पट्टीवर 'मंजूर' उमटलं आणि पावती सरकत बाहेर आली. कुणालाही काही विचारावं लागलं नाही.

तिने पेन पुढे केलं. त्याने सही केली. नियमाप्रमाणे तिने कार्ड उलटं केलं आणि दोन्ही सह्या शेजारी धरल्या. दोन्ही सारख्याच होत्या. शंका घ्यायला तिळभर जागा नव्हती. तरी ती बघत राहिली, इतका वेळ, की बडबडीने शेजारून मान काढली आणि एकदा तिच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहून, आयुष्यात पहिल्यांदाच काही न बोलता मान आत घेतली.

"बरोबर आहे," ती म्हणाली आणि कार्ड परत दिलं.

त्याने पिशवी उघडून धरली. टॉवेल, अभ्रा, पातेलं तिने भराभर आत ठेवलं. ताट उरलं. काउंटरखालून तिने जुन्या वर्तमानपत्राचा कागद घेतला, ताट त्यात गुंडाळलं. पुरेसं वाटेना म्हणून दुसरा कागद घेतला. मग तिसरा. कडा नीट दुमडल्या, कोपरे आत खोचले. रांगेत कुणीतरी च्यक् केलं. तिने चौथा कागद ओढला.

"जपून न्या," ती म्हणाली. "प्रवासात फुटेल."

"हो," तो म्हणाला.

त्याने ताट तिच्या हातून दोन्ही हातांनी घेतलं आणि पिशवीत अगदी वर ठेवलं. मग तो दाराकडे निघाला. मागच्या माणसाने आपली टोपली पुढे सरकवली. तिने त्यातला ब्रेडचा पुडा उचलला, उलटा केला आणि त्यावरची किंमत शोधू लागली. किंमत समोरच छापलेली होती. तिला ती बराच वेळ दिसली नाही.